पोचपावतीबाई

बाईंची गोष्ट सांगायची तर आधी माझी चूक सांगावी लागते, आणि स्वतःची चूक सांगणं माझ्या अगदी जिवावर येतं. आमची ही म्हणते, "तुमच्या नाकावर राग आणि जिभेवर स्वतःचं कौतुक, मधे दुसऱ्या कशाला जागाच नाही." असेल बुवा. तरी सांगतो.

मी आचारी. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये एकतीस वर्षं मोठाली पातेली ढवळली. निवृत्त झालो आणि घरात दोन माणसांचा स्वयंपाक करताना माझा हातच बसेना. दोघांसाठी म्हणून टाकलेला भात बाराजणांना पुरायचा. शेवटी हिनंच सांगितलं, बाहेर कुणाला तरी खाऊ घाला, माझं घर सोडा. मग मी आणि कारखान्यातले चार जुने सोबती, आम्ही एका बंद पडलेल्या गॅरेजमध्ये रस्त्यावर राहणाऱ्या लोकांसाठी दुपारचं जेवण सुरू केलं. पहिल्या दिवशी अठरा ताटं लागली, महिन्याभरात एकशेवीस.

तिसऱ्या आठवड्यात समोरच्या घरातून एक बाई तरातरा रस्ता ओलांडून आल्या. अंगानं काटकुळ्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली.

"तुमची रांग माझ्या फाटकात येते," त्या म्हणाल्या.

मी डाव हातात घेऊन उभा, घामानं निथळत होतो. म्हटलं, "मग काय करू? भुकेल्या माणसांना घडी घालून ठेवू?"

"रांग नीट लावा. रांग ही लावायची गोष्ट आहे. आपोआप लागते ती झुंबड."

दुसऱ्या दिवशी त्याच खडू घेऊन हजर. गॅरेजच्या भिंतीला धरून वळण देत एक रेघ ओढली, ज्यांना उभं राहवत नाही त्यांच्यासाठी सावलीत बाक टाकून घेतलं, पुठ्ठ्याचे नंबर कापले. बाकावर बसलेल्याच्या जागी रांगेत त्याचा नंबरच पुढं सरकायचा, माणूस आपला निवांत बसलेला. माझ्या चार सोबत्यांना सहा महिन्यांत जे सुचलं नसतं ते बाईंनी एका सकाळी करून टाकलं. आणि तक्रार करायला आलेल्या बाई नंतर कधी परत गेल्याच नाहीत.

सत्तावीस वर्षं त्या पार्सल ऑफिसात होत्या. खिडकीवर नव्हे, आत, जिथं माल उतरवतात आणि पुढं लावतात तिथं. सैल बांधलेली गाठ दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. आमच्याकडे येणाऱ्या एका म्हाताऱ्याचं गाठोडं त्यांनी पहिल्याच दिवशी सोडून पुन्हा बांधून दिलं, तो बिचारा घाबरून ओरडायला लागला, तर म्हणाल्या, "काही घेत नाहीये मी तुमचं. असं बांधलंत तर निम्मं वाटेत सांडेल." त्यांचे यजमान बसचे ड्रायव्हर होते, आता तेही घरीच. ते मला म्हणाले होते, "आमच्याकडे मिठाची बरणी जागेवरून हलली तरी मला लेखी खुलासा द्यावा लागतो." मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. ती माहेरून परत निघाली की घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत बाई पानावर बसत नसत. अन्न गार होऊ दे, नाहीतर शिळं होऊ दे.

मी एकदा विचारलंही होतं. म्हटलं, बाई, तुमचं कुणी हरवलं होतं का कधी? हे असं जिवाला लावून घेण्याचं काही कारण?

"कारण कशाला पाहिजे?" त्या चिडल्याच. "काम नीट करायला कारण लागतं का? तुम्ही भात शिजलाय का बघता, तेव्हा तुमचं कुणी कच्च्या भातानं गेलेलं असतं का?"

मी पातेल्याकडे वळलो आणि भात शिजलाय का ते बघितलं.

आता आमच्या संस्थांचं सांगतो. त्या भागात बेघर माणसांसाठी काम करणाऱ्या आम्ही चार लहान संस्था. जेवण आमचं. झोपायला निवारा, तो एक निवृत्त शाळामास्तर चालवायचे, बावीस खाटा. अंघोळ आणि मलमपट्टी एका सिस्टरकडे, त्यांच्याकडे जखमी माणसांसाठी आतल्या खोलीत दोन खाटा होत्या. आणि चौथे वकील. त्यांच्या न्यासाच्या आठ लहान खोल्या होत्या, कायमच्या राहायच्या, दाराला कुलूप आणि किल्ली आपल्या खिशात. आठ खोल्या आणि यादीत एकेचाळीस नावं. एखादी रिकामी झाली की आम्ही चौघंही कान टवकारायचो, कुणाला मिळते म्हणून.

आधी आम्ही चौघं एकमेकांचं तोंड पाहत नव्हतो. एक ना धड भाराभर चिंध्या, असा कारभार. मास्तर म्हणायचे आचारी गर्विष्ठ आहे, मी म्हणायचो मास्तर झोपलेल्या माणसालाही शुद्धलेखन घालील. मग वकिलांनी पुढाकार घेतला आणि आम्ही एकत्र आलो. एक सामाईक वही केली, ती दर दोन दिवसांनी चारी ठिकाणी फिरायची. दर दुसऱ्या शनिवारी अकरा वाजता वकिलांच्या ऑफिसात बैठक. आणि एक नियम: एका माणसाला दोनदा नको. मास्तरांच्या निवाऱ्यात दोन वेळचं खायला मिळायचं, म्हणून तिथं गेलेल्यानं आमच्या रांगेत उभं राहायचं नाही, दुसऱ्याचं ताट जातं. नियम मीच मांडला होता. मला त्याचा फार अभिमान होता.

अशाच एका बैठकीत बाई उठल्या आणि पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. प्रत्येक कागदावर हातानं आखलेले रकाने: माणसाचं नाव, कुणाकडून, कुणाकडे, निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. आणि सगळ्यात खाली एक ओळ, 'मी पोचलो', तिथं खुद्द त्या माणसाची सही किंवा अंगठा.

"वहीत आपण 'पाठवलं' असं लिहितो," त्या म्हणाल्या. "पाठवलं म्हणजे पोचलं नव्हे. पोच पाहिजे."

मला काय झालं कोण जाणे, माझा पारा चढला. उभा राहून म्हणालो, "बाई, ती माणसं आहेत, पार्सलं नाहीत!"

टाळ्या पडल्या. सिस्टरनंही वाजवल्या. बाईंनी कागद शांतपणे परत पिशवीत घातले.

"पार्सलांची आम्ही जास्त काळजी घ्यायचो," एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या.

त्या दिवसापासून त्यांचं नाव पडलं पोचपावतीबाई. पाडलं मीच. मागून म्हणायचो, मग सगळेच म्हणायला लागले, पुढं पुढं तोंडावरही. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. त्यांच्या मते ते चांगलंच नाव होतं.

याला चार महिने झाले आणि तो शनिवार आला.

आमच्याकडे घड्याळवाले काका म्हणून एक गृहस्थ जेवायला यायचे. जिन्याखाली घड्याळदुरुस्तीची टपरी होती त्यांची, चाळीस वर्षं. ती इमारत पाडली तेव्हा टपरीही गेली आणि वर भाड्यानं राहायची खोलीही. शब्दाला पक्का माणूस. साडेबाराला या म्हटलं की बारा एकतीस कधी झाले नाहीत. त्यांच्या टाचेला जखम झाली होती, भरत नव्हती. वकिलांकडे खोली रिकामी झाली आणि यादीत त्यांचं नाव पहिलं आलं, तेव्हा आम्ही सगळे खूश झालो. किल्ली मिळेपर्यंत त्यांनी निवाऱ्यात राहावं असं ठरलं. मंगळवारी मी त्यांना निवाऱ्याचा रस्ता सांगितला आणि वहीत लिहिलं, 'निवाऱ्याकडे पाठवलं.'

त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी बैठक होती. वकिलांनी सुरुवातीलाच वही उघडली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आज चार वाजता आपण घड्याळवाल्या काकांना किल्ली देतोय. मला मुद्दाम सांगायचंय, हे आपल्या एकत्र कामाचं उत्तम उदाहरण आहे. आचारी लिहितात, 'निवाऱ्याकडे पाठवलं'. मास्तर लिहितात, 'सिस्टरकडे उपचार चालू'. सिस्टर लिहितात, 'निवाऱ्यात सोय झाली'. तीन संस्था, एक माणूस! अभिनंदन."

आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. मी मास्तरांना चहा पुढं केला, इतकं प्रेम उतू चाललं होतं.

बाई म्हणाल्या, "परत वाचा."

वकिलांनी परत वाचलं.

"मग ते आहेत कुठं?"

मास्तर सिस्टरकडे बघायला लागले, सिस्टर मास्तरांकडे. मास्तर म्हणाले, "खाट रिकामी होती, मला वाटलं टाचेमुळं तुम्ही ठेवून घेतलंत." सिस्टर म्हणाल्या, "वहीत लिहिलंय निवाऱ्याकडे गेले. मला वाटलं पट्टी तुम्हीच बदलताय, तुमच्याकडे तो कंपाउंडर येतो ना."

"म्हणजे अकरा दिवसांत त्यांना कुणीच पाहिलं नाही?" वकिलांच्या हातातली वही तशीच राहिली.

 आम्ही चौघं, आमच्या चार पाट्या, चार शिक्के, आणि माणूस गायब. आणि त्याच्याच नावानं आत्ता आम्ही अभिनंदन घेतलं होतं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, दुसरं काय!

"चार वाजता स्वतः आले नाहीत तर मला पुढचं नाव घ्यावं लागेल," वकील हळूच म्हणाले. "नियम आहे. पुढच्या ताईंना मी बोलावून ठेवलंय. त्यांच्याही डोक्यावर छप्पर नाही."

मग जी पळापळ झाली ती विचारू नका. मास्तर हॉस्पिटलांना फोन लावायला लागले. सिस्टर पोलीस चौकीकडे निघाल्या. मी नुसताच दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत ओरडत होतो, कुणावर ते मलाही कळत नव्हतं. बाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढली.

"वस्तू रस्त्यात हरवत नाही," त्या म्हणाल्या. "सत्तावीस वर्षांत एक पार्सल रस्त्यात हरवलेलं पाहिलं नाही मी. हरवतं ते या हातातून त्या हातात देताना. शेवटचा हात कुणाचा होता?"

वकिलांनी वहीतल्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मग मीच म्हणालो, "माझा."

"चला मग तुमच्या दाराशी."

गॅरेजमध्ये जेवणं चालली होती, डाव आमच्या हिच्या हातात होता. बाईंनी मला उंबऱ्यावर उभं केलं. "मी काका. मंगळवार आहे. तुम्ही काय सांगितलंत? शब्द न् शब्द सांगा. हातही हलवा."

मी हात लांब केला, बोट दाखवलं. "असं सरळ जा. मोठा रस्ता लागला की दुसरी गल्ली उजवीकडे. निळं दार आहे. तिथं थांबा, आतून कुणीतरी येऊन घेईल तुम्हाला."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

"आणखी," बाई हलल्या नाहीत.

मी खाली बघितलं. "म्हणालो, आता तिकडची सोय झाली, इथं परत रांगेत यायचं नाही. दुसऱ्याचं ताट जातं. गर्दी होती हो बाई. जरा जोरातच म्हणालो."

पातेल्याशी उभ्या आमच्या हिनं डाव आपटला. "टाच सुजलेली त्यांची, आणि तुम्ही बोट दाखवलंत? उंटावरून शेळ्या हाकायची सवय कँटीनमध्येच सोडून यायची होती!"

"चुकलं माझं," मी म्हणालो. लग्नानंतर पहिल्यांदाच मी असं म्हणालो असेन, कारण ती थबकून माझ्याकडे बघतच राहिली.

बाई आणि मी निघालो. मी भराभर चालायला लागलो तर त्यांनी माझी बाही धरली. "त्यांच्या पायानं चाला. सुजलेल्या टाचेनं." तसे चाललो. मोठा रस्ता, दुसरी गल्ली, उजवीकडे. वीस मिनिटांची वाट आम्हाला पाऊण तास लागला. निवारा समोर आला आणि मी जागच्या जागी थिजलो. दार हिरवंगार होतं.

मास्तरांचा मदतनीस झाडत होता. म्हणाला, "दोन महिने झाले की. कुणीतरी हिरव्या रंगाचे डबे आणून दिले, मग सगळंच रंगवलं."

मी दीड वर्षात तिथं एकदाही गेलो नव्हतो. दर दुसऱ्या शनिवारी मास्तरांबरोबर चहा पीत होतो, खांद्याला खांदा लावून काम करतो म्हणून भाषणं देत होतो, आणि त्यांच्या दाराचा रंग मला माहीत नव्हता. मी तिथल्या पायरीवर मटकन बसलो. "बाई, मी त्या माणसाचं घर घालवलं," म्हणालो, आणि खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं.

"रडायचं असेल तर चालता चालता रडा," बाई म्हणाल्या. "एक वाजून गेलाय. हे बघा, काका शब्दाला पक्के. तुम्ही निळं सांगितलंत ना? मग ते निळं दार मिळेपर्यंत चालणार."

आम्ही एकेक गल्ली बघत गेलो. राखाडी शटर, लाकडी दारं, लोखंडी दारं, गंजलेली फाटकं. एक निळं दार दिसलं ते दवाखान्याचं निघालं, तिथं कुणाला काही माहीत नव्हतं. मी म्हटलं परत फिरू, बाईंनी ऐकलंच नाही. पुढं घरं संपतात, गोदामं लागतात. पाचव्या गल्लीच्या टोकाला फर्निचरच्या एका गोदामाचं मागचं दार होतं. लोखंडी, मोठं, निळं.

दाराशी स्टुलावर राखणदार बसला होता. आणि त्याच्या शेजारी लाकडी खोक्यावर, केस नीट विंचरलेले, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, डोळ्याला भिंग लावून घड्याळवाले काका एक मनगटी घड्याळ उघडून बसले होते. पाय दुसऱ्या खोक्यावर, टाचेला स्वच्छ फडकं.

 बाई पुढं झाल्या. "काका, आम्ही संस्थेतून आलोय. तुम्हाला घ्यायला."

काकांनी भिंग काढलं. माझ्याकडे बघून हसले, अगदी खरंखुरं हसले. "आलात का! मी म्हटलंच होतं यांना, येतील. मला वाटलं, रांग मोठी असेल."

अकरा दिवस. आणि माझ्यावर रागवायचं सोडून तो माणूस माझी बाजू घेत होता! रांग मोठी असेल म्हणे.

राग धरला तो राखणदारानं, आणि बरोबर केलं. ताडकन उठला. "तुम्हीच का ते घ्यायला येणारे? माणसं आहात की कोण? रोज सकाळी आठला अंघोळ करून तयार होऊन बसतात हे! मी म्हटलं जा परत तिकडं जेवणाच्या ठिकाणी, तर म्हणतात नाही, दुसऱ्याचं ताट जातं. मी दोन डबे आणतो घरून. रात्री आत झोपवतो, गाद्यांच्या ढिगावर. मालकाला कळलं तर माझी नोकरी जाईल! पाय मी गरम पाण्यानं धुतो रोज, मला काय कळतंय त्यातलं?"

मी हात जोडले. दुसरं काय करणार होतो?

बाईंनी पिशवी उघडली. चार महिन्यांपूर्वीचा तोच गठ्ठा बाहेर निघाला, कोपरे दुमडलेले. गुडघ्यावर ठेवून त्यांनी लिहायला घेतलं. 'कुणाकडून' या रकान्यात लिहिलं, गोदामाचे राखणदार. आणि कागद त्याच्यापुढं धरला. "देणाऱ्याची सही इथं."

"मी कशाला सही करू? मी कुठल्या संस्थेतला नाही."

"अकरा दिवस ते तुमच्या ताब्यात होते आणि नीट होते. तुमच्या हातून मी घेतेय. सही केल्याशिवाय कसं नेऊ?"

राखणदार एकदम सरळ उभा राहिला, टोपी ठीक केली, आणि सावकाश, दाबून, पूर्ण नाव लिहिलं.

पावणेतीन वाजले होते. काकांना चालवून न्यायचं म्हणजे पाच वाजले असते, आणि त्या गोदामांच्या भागात रिक्षा फिरकत नाही. राखणदारानं आतून कपाटं वाहायची चार चाकांची गाडी काढली, वर गादीचा तुकडा टाकला. काका चढून बसले, घड्याळ खिशात, गाठोडं मांडीवर. गाडी ढकलायला अर्थात मी. भर दुपारी, मोठ्या रस्त्यानं, लोक थांबून बघताहेत, आणि माणसं पार्सलं नाहीत म्हणून गरजलेला आचारी माणसाला मालाच्या गाडीवरून ढकलत नेतोय. बाई बाजूनं चालत होत्या. त्यांच्या ओठांचा कोपरा हलत होता, मी पाहिला. शेवटी काकाच म्हणाले, "सावकाश घ्या आचारी, आत काच आहे."

"कसली काच?"

"मीच हो," काका म्हणाले, आणि खो खो हसले.

वकिलांच्या ऑफिसच्या पायऱ्यांशी पोचलो तेव्हा तीन छप्पन्न झाले होते. मास्तर आणि मी दोन बाजूंनी धरून काकांना वर नेलं. दार उघडलं आणि समोर बाकावर एक बाई बसलेली दिसली. चाळिशीची, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. इस्त्रीचं काम करायची, भावाच्या घरातून बाहेर पडावं लागलेलं. यादीतलं पुढचं नाव. काकांना बघितलं आणि तिला कळलं. मान खाली गेली तिची.

सिस्टरनं जमिनीवर बसून काकांची टाच सोडून पाहिली. "धुतलीय रोज म्हणून बरं आहे. नाहीतर आज मी वेगळं बोलले असते," म्हणाल्या. वकिलांनी किल्ली दिली. काकांनी ती कानाशी नेऊन हलवली, जुनी सवय असावी, आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. बाईंनी कागद पुढं केला. काकांनी 'मी पोचलो' च्या पुढं सही केली आणि कुणी न सांगता शेजारी वेळ लिहिली, तीन अठ्ठावन्न. बाईंना तो माणूस फार आवडला असणार.

मग बाईंनी एक कोरा कागद काढून माझ्यापुढं ठेवला. "हा मंगळवारचा. तेव्हाचा करायचा राहिलाय. देणाऱ्याची सही तुमची."

मी सही केली. घेणाऱ्याचा रकाना त्यांनी रिकामा ठेवला, त्यावर एक आडवी रेघ मारली आणि कागद सामाईक वहीला टाचून टाकला. अजून आहे तिथं. कुणीही उघडून बघावा.

एवढ्यात बाकावरची ताई उठली. पिशवी उचलली. "मग मी आता कुठं जाऊ?" तिनं विचारलं. आवाज चढवून नाही, साधंच विचारलं.

मास्तर लगबगीनं म्हणाले, "निवाऱ्यात खाट आहे ना, काकांसाठी ठेवलेली. मला इथं वकिलांबरोबर जरा कागद पुरे करायचेत, तुम्ही व्हा पुढं, मी आलोच मागून."

तिनं वळून आम्हा सगळ्यांकडे बघितलं. "कसं जायचं?"

मी दाराशी उभा होतो. एकतीस वर्षांची सवय, माझा हात आपोआप वर गेला, बोट पुढं झालं. तोंडही उघडलं होतं. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, नुसतं पाहिलं. मी हात खाली घेतला.

"चला ताई," म्हटलं. "मी येतो."

बाईंनी गठ्ठ्यातला एक कोरा कागद माझ्या हातात दिला. वाटेत मीच काहीबाही बोलत होतो, जेवण कसं असतं, मास्तर तिरसट वाटतात पण मनानं बरे आहेत वगैरे. तिनं एकदाच विचारलं, खोली परत कधी रिकामी होईल. मला खोटं बोलता आलं असतं. म्हटलं, "माहीत नाही. पण झाली की तुमचं नाव पहिलं, आणि मी स्वतः येईन घ्यायला." हिरव्या दाराशी आलो, मी कडी वाजवली आणि म्हणालो, "हेच. आता उघडतील. जाऊ मी?"

तिनं माझी बाही धरली, दुपारी बाईंनी धरली होती तशीच. "दार उघडेपर्यंत थांबा ना," ती म्हणाली.

थांबलो. आतला मदतनीस यायला वेळ लागला, तोवर आम्ही दोघं पायरीवर उभे राहिलो. दार उघडलं, तिनं आत पाऊल टाकलं, मदतनीसानं खाट दाखवली, तिनं पिशवी खाटेखाली सरकवली, दोघांनी कागदावर सह्या केल्या आणि तो तिनं मला परत आणून दिला. मग मी निघालो.

गॅरेजशी आलो तेव्हा बाई त्यांच्या फाटकात उभ्या होत्या. यजमान आतून ओरडत होते, चहाचं आधण कधीचं उकळतंय, या आता. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत वाचला. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

"पोचण्याची वेळ लिहायची राहिलीय," बाई म्हणाल्या.

"पाच वाजून दहा."

त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल काढून वेळ लिहिली, कागदाची घडी घातली आणि मग चहा प्यायला आत गेल्या.